अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईचे दूध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते बेळगावातील या शाळेत आमच्या निबंधातील चुकीच्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढीत. आज मी माझ्याच एका शब्दाखाली तशी रेघ ओढणार आहे.

नवजात शिशूंच्या कक्षात मी नवा असताना, तिसाव्या आठवड्यात जन्मलेले, 1200 ग्रॅम वजनाचे एक बाळ आमच्याकडे होते. त्याची आई दर तीन तासांनी दूध पिळून आणून देई. त्यात पूरक भुकटीची पुडी मिसळताना मी सहज म्हणालो, "ताई, तुमचे दूध कमी पडते आहे." दुसऱ्या दिवसापासून वाटी जवळजवळ रिकामी येऊ लागली. आपल्या दुधात कसच नाही, असे तिने मनाशी धरले होते.

वस्तुतः उणीव दुधात नव्हती, दिवसांत होती. गर्भाच्या हाडांतील बहुतेक कॅल्शियम व फॉस्फरस शेवटच्या तीन महिन्यांत साठते. त्यांतला मोठा काळ या बाळाच्या वाट्याला आलाच नव्हता. अशा बाळाला दर किलो वजनामागे रोज 3.5 ते 4 ग्रॅम प्रथिने लागतात. प्रसूतीनंतर काही आठवड्यांनी आईच्या 100 मिलीलिटर दुधात ती सुमारे 1 ग्रॅम असतात, आणि इवल्या पोटात किलोमागे 180 मिलीलिटरहून फारसे अधिक दूध मावत नाही. ही तूट पुडी भरून काढते.

तिचा लाभ मात्र माफक आहे. रुग्णालयात असेपर्यंत वजन, लांबी व डोक्याचा घेर थोडा अधिक वाढतो. पुढील आयुष्यातील फायदा सिद्ध झालेला नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये, ती सरसकट न देता 32 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांसाठी विचारात घ्यावी, असे सुचविले. आतड्यांच्या जीवघेण्या दाहापासून बाळाला जपण्याचे सामर्थ्य मात्र मानवी दुधात आहे, पुडीत नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली, तिचे मोल यावरून कळावे.

मी त्या माउलीची क्षमा मागितली आणि हाच हिशोब कागदावर मांडून दाखविला. काही दिवसांनी वाटी पुन्हा भरू लागली. तेव्हापासून मी प्रत्येक आईला सांगतो, "बाळ लवकर आले आहे, तुमच्या दुधाला आम्ही थोडी जोड देतो आहोत."

गुरुजी, दुरुस्ती उशिराच झाली. चूक पदरात घ्यावी.