फळा स्मार्ट झाला, पण मराठी बोलतो का?

(सीमाभागातील युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावात मराठी शाळेचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, पट किती राहिला? आज मला दुसरा एक प्रश्न विचारायचाय. शाळेत जो स्मार्ट बोर्ड, टीव्ही नाहीतर टॅब आलाय, त्यात आपल्या पोरांच्या भाषेत काय आहे?

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून सुरुवात राज्यघटनेपासून करते. कलम ३५०-अ हे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं, म्हणजे भाषावार राज्यरचना झाली त्याच वर्षी. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने प्रयत्न करावा, असं ते सांगतं. तेव्हा सोय म्हणजे शिक्षक, वर्ग आणि पुस्तक. आज शिकवण्याचा काही भाग पडद्यावर गेला असेल, तर पडद्यावरची मराठीही त्या सोयींत मोजायला हवी. फळ्यावर मराठी आणि पडद्यावर कायम दुसरीच भाषा असेल, तर मुलाला न सांगताच कळतं की आपली भाषा मागे राहिलेल्यांची आहे.

पण नुसती मागणी करून भागत नाही. आहे ते आधी नीट वापरूया. केंद्राचं ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ पासून आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्यावरचं साहित्य उघडतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. कर्नाटकाचा अभ्यासक्रम वेगळा आहे, त्यामुळे इतिहास किंवा परिसर अभ्यासाचा धडा जसाच्या तसा चालणार नाही. पण अपूर्णांक निपाणीत आणि कोल्हापुरात सारखेच असतात! कुठला धडा जुळतो, हे गुरुजी-बाईंनी ठरवावं. शोधून, डाऊनलोड करून पेनड्राइव्हवर देणं आपण करू. खेड्यात रेंज गेली तरी तास थांबणार नाही.

दुसरं, टायपिंग. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी आणि कन्नडची मांडणी एकाच पद्धतीची आहे. ज्या कळीवर ‘क’, त्याच कळीवर कन्नडमधला ‘क’. म्हणजे आपलं पोरगं एकदा शिकलं की दोन्ही भाषांत अर्ज लिहू शकतं. कन्नडसक्तीला आपला विरोध आहे, कन्नड येण्याला नाही.

आता जबाबदारीचं बोलते. पट वाढावा म्हणून आपण मुलांचे फोटो, नावं, वर्ग असं सगळं फेसबुकवर टाकतो. हेतू चांगला असतो, पण मूल कुणाचं, कुठल्या शाळेत जातं, हे अनोळखी माणसालाही कळतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व घातलंय. शाळांना काही बाबतीत सवलत असेल, तरी आपण पालकांना विचारूनच फोटो टाकावा. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीमाप्रश्नाचे भडकाऊ व्हिडिओ नकोत. आपला लढा लोकशाही मार्गाचा आहे. त्याचा त्रास आठवीतल्या पोराला आणि त्याच्या शिक्षकाला होता कामा नये.

युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालाचाही सूर हाच आहे की तंत्रज्ञान शिक्षकाच्या जोडीला असावं, जागी नसावं. म्हणून मराठी शिक्षकाची जागा रिकामी ठेवून टीव्ही बसवला, तर त्याला आपण सुधारणा म्हणायचं नाही.

एक काम घेऊन जा. आपापल्या गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या परवानगीने इयत्तावार यादी करा: कुठल्या विषयाचं डिजिटल साहित्य मराठीत आहे, कुठल्याचं नाही. ती यादी शाळा सुधारणा समितीसमोर ठेवा, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही, तर कलम ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमलेले आयुक्त आहेत, त्यांना लिहू. घोषणा आपल्याला पाठ आहेतच, आता सोबत कागदही असू दे.