लाज बाजूला, तपासणी आधी



अंधेरी असो, बोरिवली असो, की मुलुंड...
'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज',
रुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेलं हे आपण सगळ्यांनी वाचलंय.
पण लिंगाला ताठरता येते कशी,
हे तिथे कुणी सांगत नाही.

मनात इच्छा जागते.
मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत संदेश जातो.
रक्तवाहिन्या सैलावतात.
लिंगातल्या स्पंजासारख्या भागात रक्त भरतं.
रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात,
आणि ते तिथेच थांबतं.

एखाद्या दिवशी जमलं नाही, तर घाबरू नका.
दमणूक असते, ताण असतो, दारू असते.
पण काही महिने असंच चाललं,
तर साखर तपासा, रक्तदाब तपासा.

का?
लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक.
म्हणून बऱ्याचदा त्या आधी अरुंद होतात.
हृदयविकाराची ही आगाऊ सूचना असू शकते!

याच मुंबईतून 1927 साली
र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं,
आणि लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहिलं.
आपण अजूनही डॉक्टरांपुढे का कुजबुजावं?

घाटकोपरला राजावाडी रुग्णालय आहे, विलेपार्ल्याला कूपर रुग्णालय आहे.
केसपेपर काढा, स्पष्ट बोला.
पुन्हा सांगते,
आधी साखर, आधी रक्तदाब.

आणि मित्रानं दिलेली ताठरतेची गोळी परस्पर घेऊ नका.
हृदयासाठी नायट्रेटचं औषध चालू असेल,
तर दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो.
जिवावर बेतू शकतं.