परदेशप्रवास आणि अमेरिकेच्या नागरिकत्वाची कालगणना
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक मुले-मुली अमेरिकेत ग्रीन कार्डावर वास्तव्य करून आहेत. आईबापांच्या आजारपणात ती इकडे येतात आणि आपण मायेने म्हणतो, 'आणखी दोन महिने राहा.' या आग्रहाचा परिणाम वडीलधाऱ्यांस ठाऊक असावा, म्हणून हे चार शब्द.

नागरिकत्वाच्या अर्जास तेथे सामान्यतः ५ वर्षांचे अखंड वास्तव्य लागते. त्यांपैकी निदान ३० महिने प्रत्यक्ष त्या देशात गेलेले असावे लागतात. एकच प्रवास ६ महिन्यांहून अधिक लांबला, तर वास्तव्यात खंड पडला असे धरले जाते. मात्र तेथील नोकरी, बिऱ्हाड, कुटुंब यांचे पुरावे देऊन ते खोडून काढता येते. वर्षभर बाहेर राहिल्यास सामान्यतः खंड पडतोच. मग परतल्यावर अर्जापूर्वी ४ वर्षे व १ दिवस थांबावे लागते, आणि तेव्हाही हे पुरावे द्यावेच लागतात. ४ वर्षे ६ महिने व १ दिवस थांबल्यास ती अडचण उरत नाही. पुनःप्रवेशाचा परवाना अमेरिका सोडण्यापूर्वीच मागावा लागतो. त्याने परतीची वाट सुकर होते, खंड मात्र टळत नाही.

म्हणून भावंडांनी पाळीपाळीने यावे, मुक्काम ६ महिन्यांच्या आत आटोपावा. आईची शुश्रूषा अधिक काळ मागत असेल, तर परवाना घेऊन अवश्य राहावे. परंतु जाणून राहावे. नागरिकत्व चार वर्षे उशिरा मिळाले तरी चालेल. आईची सेवा पुढे ढकलता येत नाही.