सांधेदुखी : गोळी मागण्याआधी निदान करून घ्या

(वाशिम जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



पिकांविषयी सांगणारा माणूस आज दुखण्याविषयी का बोलतो, असे तुम्हाला वाटेल. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, धार काढणे ही सारी बोटांची कामे आहेत. ती बहुतांशी घरची बाई करते. आणि बोटे वाकडी करणारा आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 साली चार हजारांवर प्रौढांची पाहणी झाली. तीत दर दोनशे जणांमागे सुमारे एकास हा आजार आढळला. म्हणजे मोठ्या गावात असे पाच-दहा रुग्ण असू शकतात.

ओळख सोपी आहे. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात. सकाळी उठल्यावर सांधे अर्धा तास, तासभर आखडलेले राहतात. हे सहा आठवडे टिकले, तर ती नुसती कामाची अंगदुखी समजू नये.

आपल्याकडे आधी तेल, मग मेडिकलमधील गोळी, मग इंजेक्शन, असा क्रम चालतो. बिननावाच्या पुडीत अनेकदा स्टिरॉइड असते. दुखणे लगेच थांबते, पण सांध्याची झीज चालूच राहू शकते. अशी औषधे देखरेखीविना दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक मूत्रपिंडाला बाधतो.

सोयाबीनमध्ये पहिले 30 ते 45 दिवस तण राहिले, तर पुढच्या निंदणाने नुकसान भरून निघत नाही. येथेही तसेच आहे. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले, तर सांधे वाचतात. वाकडे झालेले बोट गोळीने सरळ होत नाही.

म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे व तेथून चिठ्ठी घेऊन वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात जावे. वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. अकोल्याचे महाविद्यालय 2002 पासून आहे. ‘आर.ए. फॅक्टर’ निगेटिव्ह आला, तरी आजार नाहीच असे समजू नये.

मेथोट्रेक्सेट हे यातील मुख्य औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. आठवडी बाजाराचा वार ठरवून घेतला, तर विसर पडत नाही. गर्भवतीने किंवा मूल होऊ देण्याचा विचार असलेल्यांनी ते घेऊ नये. डॉक्टरांना आधी सांगावे. दारू टाळावी. रक्त व यकृताच्या तपासण्या वेळेवर कराव्यात.

पेरणी आली की तपासणी राहते, बरे वाटले की गोळी सुटते. आजार उलटतो तो तेव्हाच. पीकनोंदवहीप्रमाणे औषधे, तपासण्या आणि पुढची तारीख एका वहीत लिहावी. विळ्याच्या, कोळप्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी. बोटांवरचा ताण कमी होतो.

घरातील बाई सकाळी मूठ वळत नाही म्हणाली, तर तिला हंगाम संपेपर्यंत थांबवू नका. तिच्याबरोबर एक दिवस दवाखान्यात जा.