एकीची किंमत कोण मोजतो?



या व्याख्यानमालेसाठी मला विचारणा झाली तेव्हा दोघातिघांनी प्रेमाने सुचवले, "डॉक्टर, मधुमेहावर बोला, लोक वह्या घेऊन येतील." मी विषय बदलून मागितला. त्याचे कारण असे की आपल्या इंदूरच्या कचेरीत सुरू झालेल्या एका खटल्याने गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे देशाचे राजकारण हलवले आहे, आणि आपण इथली मराठी मंडळी त्यावर कधी निवांत बसून बोललो नाही. चहाच्या कपावर बोललो ते निराळे. तो खटला शाहबानो यांचा.

आधी घडले ते सांगतो, कारण मते सगळ्यांना आठवतात, तपशील फारसा कुणाला आठवत नाही. शाहबानो यांचे लग्न 1932 साली झाले. तीन मुलगे, दोन मुली. नवरा इंदूरचा वकील. 1975 मध्ये त्यांना घराबाहेर पडावे लागले. एप्रिल 1978 मध्ये त्यांनी इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, महिना 500 रुपयांच्या पोटगीचा अर्ज केला. अर्ज चालू असतानाच, 6 नोव्हेंबर 1978 ला नवऱ्याने तलाक दिला, आणि आता ही माझी बायकोच नाही, तेव्हा पोटगी कसली, असे म्हणणे मांडले. 1979 मध्ये न्यायालयाने पोटगी ठरवली महिना 25 रुपये. 1980 मध्ये उच्च न्यायालयाने ती वाढवून 179 रुपये 20 पैसे केली. नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. 23 एप्रिल 1985 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचे अपील फेटाळले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, म्हणजे आपल्याच पुण्याचे.

मित्रहो, साठी ओलांडलेल्या एका बाईचा प्रश्न 179 रुपये 20 पैशांचा होता. धर्म वाचवण्याची किंवा देश एकसंध करण्याची जबाबदारी तिने मागितलेली नव्हती. पण निकालात कुराणातील वचनांचा अर्थ लावला गेला, आणि समान नागरी कायद्याचे कलम कागदावरच राहिल्याबद्दल खंतही व्यक्त झाली. त्यानंतर पोटगी मागे पडली. निकालाच्या बाजूने आणि विरोधात देशभर सभा-मोर्चे सुरू झाले. आरिफ मोहम्मद खान यांनी लोकसभेत निकालाचे समर्थन केले आणि पुढे सरकारने तोंड फिरवल्यावर मंत्रिपद सोडले. खुद्द शाहबानोंच्या अंगठ्याचे पत्रक निघाले, की मला हा निकाल नको. 1 फेब्रुवारी 1986 ला अयोध्येतील कुलूप उघडले गेले. त्याच महिन्यात निकालाला वळसा घालणारे विधेयक संसदेत आले आणि मे 1986 मध्ये त्याचा कायदा झाला. म्हणजे दोन्हीकडच्या कर्मठांना काही ना काही मिळाले. ज्या बाईने अर्ज केला होता, तिच्या पदरात मात्र जिंकलेला निकालही राहिला नाही.

त्या वर्षी मी शिकत होतो. आमच्या वर्गात एक मुसलमान मित्र होता. निकालानंतर कँटीनमध्ये मी तावातावाने म्हणालो, "तुम्ही लोक कधी सुधारणार?" चारजण हसले. तो काही बोलला नाही. संध्याकाळी सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालताना म्हणाला, "रात्री घरी जेवताना मी अब्बांशी भांडतो. तुझेच मुद्दे मांडतो. पण सकाळी तू सगळ्यांसमोर असे बोललास की मला अब्बांच्या बाजूने उभे राहावे लागते." आज मला जे सांगायचे आहे, ते त्या दोन वाक्यांतच आहे. बाकीचे व्याख्यान म्हणजे त्याला लागलेली माझी चाळीस वर्षे.

आपण सहज म्हणतो, "त्यांची एकी असते." खरोखर असते का? माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांचेच पाहा. माळव्यात नायता शेतकरी आहेत, कापूस पिंजणारे मन्सूरी आहेत, छिपा, कुरेशी, अन्सारी आहेत. सियागंजात व्यापार करणारे दाऊदी बोहरा आहेत, त्यांचा धर्मगुरू वेगळा, दिनदर्शिका वेगळी. महाराष्ट्रात या. कोकणातला मुसलमान शाफई पंथाचा, देशावरचा बहुतेक हनफी. एकाची घरची बोली कोकणी, दुसऱ्याची दखनी, तिसऱ्याची मराठीच. तांबोळी, बागवान, मुलाणी, अत्तार, पिंजारी, मणियार, छप्परबंद ही नावे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकली असतील. लग्ने बहुधा आपापल्या बिरादरीत. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात अश्रफ, अजलाफ, अर्जाल या थरांची नोंद केली आहे. ते थर आपल्याला समजायला अवघड नाहीत, कारण तसेच आपल्याकडे आहेत.

मग इतक्या वेगवेगळ्या लोकांना एका झेंड्याखाली आणायचे कशाने? भाषा एक नाही, धंदा एक नाही, पंथ एक नाही. उरतो कुटुंबाचा कायदा. 1972 च्या डिसेंबरात मुंबईत मोठे अधिवेशन झाले आणि पुढच्या वर्षी हैदराबादेत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झाले. एरवी एकमेकांमागे नमाज पढायला नाखूश असणारे देवबंदी, बरेलवी, शिया तेव्हा एका व्यासपीठावर बसले. गंमत अशी की तो कायदाही एक नाही. एका बैठकीत तीनदा उच्चारलेला तलाक शियांना मान्य नाही, अहले हदीस तो एकच धरतात. 1937 च्या शरियत कायद्याआधी कित्येक खोजा आणि मेमन घराण्यांत वारसा हिंदू रूढीप्रमाणे चालत असे. म्हणजे जे अनादी म्हणून सांगितले जाते, त्यातले पुष्कळसे आपल्या आजोबांच्या हयातीतले आहे.

पण एकदा का एकीचा खांब घरातल्या कायद्यावर रोवला, की त्या घरातल्या बाईने तक्रार करणे म्हणजे खांब हलवणे ठरते. पुरुषांची एकी, आणि तिची किंमत मोजायची बाईने. तसेच मागास बिरादऱ्यांचे. "आधी सगळे एक राहू, तुमच्या शिक्षणाचे आणि नोकरीचे मग पाहू," हे वाक्य त्यांनी फार वर्षे ऐकले.

इथे मी माझ्या घरात डोकावतो, नाहीतर दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवणे सोपे असते. आम्ही जैन. मूळ कारंज्याचे, वऱ्हाडातून इकडे आलेले. 2014 मध्ये केंद्राने आम्हालाही अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्या दिवशी समाजात ऐक्याची भाषणे झाली, त्यांत मीही एक केले. आणि आमच्याच वाशीम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर दिगंबर-श्वेतांबर वादात सुमारे चार दशके कुलूपबंद होते. अहिंसा सांगणारे दोन पंथ, एकच मूर्ती, आणि कोर्टकचेऱ्या. 2023 मध्ये ते उघडले, त्यावरही भांडण झाले. पण लक्षात घ्या, या वादामुळे कोणी आमच्या देशभक्तीवर बोट ठेवले नाही. कोणी म्हणाले नाही की जैन असेच. आम्हाला आपसांत भांडण्याची मोकळीक आहे. मुसलमानांना ती नाही. त्यांच्यातला एक भांडला की बाहेरचे टाळ्या वाजवतात, आणि आतले त्याला फितूर म्हणतात.

ही कोंडी ज्याने सर्वांत आधी ओळखली तो मराठी माणूस होता. हमीद दलवाई, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. सात! आपल्याकडे हळदीकुंकवाला त्याहून जास्त बायका जमतात. 22 मार्च 1970 रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. नाव जोतिरावांच्या समाजावरून घेतले, यातच त्यांची दिशा दिसते. 3 मे 1977 ला, पंचेचाळिशीच्या आत, ते गेले. पुढे मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई, हुसेन जमादार यांनी काम चालू ठेवले. शाहबानो निकालानंतर 1985 मध्येच मंडळाने कोल्हापूर ते नागपूर असा तलाक मुक्ती मोर्चा काढला. वाटेत त्यांना विरोध झाला, पण माणसे चालत राहिली. ज्या दिवसांत मी कँटीनमध्ये "तुम्ही लोक" म्हणत होतो, त्याच दिवसांत ती मंडळी रस्त्यावर होती. मला त्यांचा पत्ता नव्हता. मराठी वाचणाऱ्या माझ्यासारख्याला नव्हता, याची आज लाज वाटते.

दलवाई एकटे पडले, असे आपण म्हणतो, आणि दोष त्यांच्या समाजाला देतो. तो अर्धाच खरा आहे. त्यांनी हिंदू आणि मुस्लिम दोन्ही जमातवादांवर टीका केली. आपण त्यातले एकच पान वाचले, आणि तेवढेच फाडून दुसऱ्याच्या तोंडावर मारायला वापरले. सुधारकाच्या शब्दांचा दगड झाला, की त्याच्याच वस्तीत त्याचे घर उरत नाही.

एकीचा दुसरा एक प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची संघटना बांधली. दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर जात असत. त्यांची मागणी साधी होती: पिंजाऱ्याच्या, मणियाराच्या, बागवानाच्या मुलाला जातीचा दाखला द्या, शिष्यवृत्ती द्या, जशी त्याच धंद्यातल्या हिंदूच्या मुलाला मिळते तशी. या एकीला शत्रू लागत नव्हता. माळी आणि बागवान एका रांगेत उभे राहू शकत होते. तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत फारसे आले नाही, कारण तिच्यात दंगल नव्हती.

आता आपल्याविषयी. आपण इथे अन्नपूर्णा, उषानगर, लोकमान्यनगर, सुदामानगरच्या बाजूला राहतो. आपणही इथे थोडकेच. होळकरांबरोबर आलेली घराणी, मग नोकरीला आलेली. मुलांची मराठी टिकावी म्हणून आपण किती जपतो, किती घाबरतो, ते मला माहीत आहे. मध्य प्रदेशात मुसलमान 2011 च्या जनगणनेप्रमाणे साडेसहा टक्के. त्यांची भीती आपल्याला समजायला हवी. याच शहरात होळकरांनी राजवाड्याजवळ सरकारी ताजियाची प्रथा पाळली, आणि खजराण्यात अहिल्यादेवींचा गणपती आणि नाहरशहा वलींचा दर्गा शेजारी नांदले. पण जुन्या गोष्टींवर आजचे पोट भरत नाही, म्हणून एक आजची सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका गृहसंस्थेच्या समितीवर होतो. एका तरुण मुसलमान जोडप्याने भाड्याने सदनिका विचारली. नवरा-बायको दोघे नोकरी करणारे. मुलीने स्पष्टच सांगितले, "काका, सासरच्या मोहल्ल्यात राहिलो तर मला नोकरी सोडावी लागेल." समितीत कोणी विरोधी भाषण केले नाही. "बघू, कळवू" म्हटले, आणि कळवले नाही. मीही गप्प बसलो. ती दोघे परत मोहल्ल्यात गेली असणार. जिथे घर मिळते तिथलीच वडीलधारी माणसे पाळावी लागतात. कर्मठांची सत्ता वाढते ती केवळ मशिदीतून नाही, आपल्या समितीच्या त्या "बघू" मधूनही वाढते. मग आपणच विचारतो, ही माणसे एकाच वस्तीत का राहतात.

कायदा हळूहळू पुढे सरकला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1986 च्या कायद्याचा अर्थ असा लावला की नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीत पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे. ती याचिका करणारे दानियाल लतीफी हे शाहबानोंचेच वकील. ऑगस्ट 2017 मध्ये तत्काळ तिहेरी तलाक रद्द ठरला, तोही मुस्लिम स्त्रियांच्या याचिकांवर. 2019 च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आली. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी कोण देणार, हा प्रश्न त्याच बायकांपैकी काहींनी विचारला. आणि 10 जुलै 2024 रोजी न्यायालयाने सांगितले की कलम 125 मुस्लिम स्त्रीलाही लागू आहे. म्हणजे 1978 च्या इंदूरच्या अर्जापाशी आपण पुन्हा आलो. शाहबानो 1992 मध्येच गेल्या होत्या.

त्या निकालाच्या दिवशी मी माझ्या जुन्या मित्राला फोन केला. आता तो आजोबा आहे. म्हणाला, "घरात सगळे खूश आहेत. पण तू उद्या कट्ट्यावर जाऊन आरोळी ठोकू नकोस." आम्ही दोघे हसलो. मी आरोळी ठोकली नाही.

मुसलमानांनी एक व्हावे की न व्हावे, हे सांगणारा मी कोण? ते त्यांचे त्यांनी ठरवावे. मला एवढेच दिसते की भीतीने आलेली एकी घरातल्या दुबळ्यावर बसते, आणि भीती कमी करणे काही अंशी आपल्या हातात आहे. घर देणे हातात आहे. एका माणसाला संपूर्ण समाजाचा जाब न विचारणे हातात आहे. आणि या संस्थेच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. 1990 पासून, सोलापुरातून सुरू झालेली मुस्लिम मराठी साहित्य संमेलने भरत आली आहेत. त्या परंपरेतल्या एखाद्या लेखिकेला पुढच्या वर्षी या व्यासपीठावर बोलवावे, अशी माझी विनंती आहे. तिला तलाकवरच बोला म्हणू नये. तिला हव्या त्या विषयावर बोलू द्यावे. उतरायला माझे घर आहे, आमच्याकडे रात्रीचे जेवण मात्र सूर्यास्तापूर्वी होते, एवढे तिला आधी कळवावे.