फाईल तुझी, नंबर कुणाचा?

(भुसावळ येथे नोकरी शोधणाऱ्या मुली आणि बायांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज बायोडाटाच्या फाईलवर बोलणार, असं सांगितल्यावर मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. हुंडा, मारहाण, पोटगी यांवर बोलणारी बाई आज टायपिंग शिकवायला कशी आली, असं त्यांना वाटलं असणार. कशी आले, ते सांगते.

आपल्याकडे येणारी एक मुलगी. बी.कॉम. झालेली, एमएस-सीआयटी केलेलं. जळगावच्या एका कचेरीत जागा निघाली म्हणून तिनं टायपिंगच्या दुकानातून मराठीत अर्ज करून घेतला. कागदावर छापला तेव्हा छानच दिसत होता. दुकानदारानं फाईल मेल केली. चार दिवसांनी उत्तर आलं, की अर्ज वाचता येत नाही. तिनं मला फाईल दाखवली. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, टक्क्याची खूण असं काहीबाही. ती मला म्हणाली, "ताई, माझंच काही चुकलं असेल."

तिचं काही चुकलं नव्हतं. संगणकाला अक्षर ठाऊक नसतं, क्रमांक ठाऊक असतो. श्री-लिपी, कृतिदेव हे जुने फाँट इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचं चित्र बसवीत. आपण रेल्वेच्या गावातल्या, म्हणून असं समजा: डब्याचा क्रमांक इंग्रजीचाच, वर पाटी तेवढी मराठीची लावलेली. ज्या संगणकात तो फाँट आहे तिथं पाटी दिसते. जिथं नाही, तिथं पाटी गळून पडते आणि खालचा क्रमांक उघडा पडतो. त्या फाँटांना नावं ठेवायची नाहीत, मराठी छपाईचं केवढं तरी काम त्यांनी ओढलं आहे. पण ते कागदावर छापण्यासाठी होते, एका संगणकावरून दुसऱ्याकडे धाडण्यासाठी नव्हते.

युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही देवनागरी होती. म्हणजे सोय जुनी आहे, दुकानांतली सवय बदलली नाही. म्हणून दुकानात गेल्यावर आधी सांगायचं, "युनिकोडमध्ये टाइप करा." तो कुरकुरला तर आपल्या फोनवर आपणच टाइप करायचं. फोनवरचं मराठी युनिकोडच असतं.

जुनी फाईल बदलून देणारी साधनंही आहेत, मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास नको. रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं तिथं हमखास घसरतात. 'वर्षा'चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला, तर नावच बदललं. बदललेली फाईल ओळ न् ओळ वाचायची, शक्यतो मैत्रिणीकडून वाचून घ्यायची. आपलं लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं!

मजकूर पक्का झाला की पीडीएफ करायची. वर्डची फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की ओळी सरकतात, दोन पानांची तीन होतात. त्यातून आपण स्पेसबार दाबदाबून रकाने जुळवलेले असले, तर विचारूच नका. मार्क एकीकडे, साल दुसरीकडे. रकान्यांसाठी तक्ता घालावा आणि त्याच्या रेघा लपवाव्यात. पान ए-फोर ठेवावं. पीडीएफ आपली अक्षरं डब्यात बांधून सोबत नेते, म्हणून ती सगळीकडे सारखी दिसते.

पण एक फसगत इथंही आहे. जुन्या फाँटमधली पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते आणि आत कचराच असतो. छापलेल्या कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ म्हणजे तर नुसतं चित्र. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो, त्याला यातलं काही वाचता येत नाही. परीक्षा सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि स्वतःलाच निरोप म्हणून पाठवून बघा. जशीच्या तशी आली तर फाईल चांगली.

आता ज्यासाठी मी खरी आले, ते.

गेल्या वर्षी आपल्यातल्या एकीनं एका दवाखान्यात स्वागतकक्षाच्या कामासाठी बायोडाटा दिला. फाईल उत्तम होती, मीच पाहिली होती. खाली दिलेला फोन नंबर मात्र मी पाहिला नाही. तो नवऱ्याचा होता. दवाखान्यातून फोन आला, त्यानं घेतला आणि "ती नाही करणार" म्हणून ठेवून दिला. तीन आठवड्यांनी ती स्वतः चौकशीला गेली तेव्हा तिला कळलं. जागा भरून गेली होती.

त्यानंतर मी जमेल तिथं बायोडाटे बघायला लागले. कुणाचा मेल भावाच्या नावावर, कुणाचा दुकानदारानं उघडून दिलेला, पासवर्ड त्याच्याच वहीत. फाईल दुकानाच्या संगणकावर 'न्यू डॉक्युमेंट २' या नावानं पडलेली, तिच्यात घरचा पत्ता आणि फोटो. म्हणजे शिक्षण आपलं, मार्क आपले आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. मेल स्वतःचा स्वतः उघडा. फाईलला आपलं नाव द्या, ती आपल्या मेलवर ठेवा आणि दुकानातली पुसायला लावा. फोन स्वतःचा नसेल, तर जिच्यावर भरवसा आहे अशा मैत्रिणीचा नंबर तिला विचारून घाला.

दुसरं म्हणजे, दुकानदाराकडे बायोडाटाचा एक साचा असतो आणि तो बहुतेक वेळा लग्नाचा असतो. उंची, वर्ण, जात, भावंडं किती, मामा कुठले! नोकरी देणाऱ्याला आपला वर्ण कशाला हवा? मागितलेलं नसेल तर ते सगळं उडवा. विवाहित की अविवाहित हेही आपण होऊन सांगू नका. भरतीत बाई म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानंच मनाई केली होती, आता ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे. राखीव जागेसाठी जात लिहावी लागते, तिथं जरूर लिहा, दाखला जोडा.

नावाचा घोळ तुम्हाला ठाऊकच आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं, आधारवर सासरचं. सरकारी अर्जात बहुधा दहावीप्रमाणेच नाव मागतात. बायोडाटातही तेच वर लिहा, खाली 'विवाहानंतरचे नाव' अशी ओळ घाला, विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत हाताशी ठेवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२४ साली घेतला. त्या मुली नोकरी शोधायला निघायला अजून वेळ आहे. तोवर आपल्याला दोन नावांनिशीच चालायचं आहे.

आणि मधली वर्षं. "मुलं लहान होती म्हणून आठ वर्षं रिकामी गेली," असं एकीनं लिहिलं होतं. त्या आठ वर्षांत तिनं बचत गटाचे हिशेब ठेवले, बँकेची कामं केली, गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. मी ते 'रिकामी' खोडलं आणि हे सगळं सालांसह लिहायला लावलं. ती म्हणाली, "ताई, याला काम म्हणतात होय?"

मागे टेबलावर दोन लॅपटॉप ठेवले आहेत. चहा घ्या आणि पेन ड्राइव्ह, फोन काय असेल ते घेऊन तिकडे या. ज्यांच्या अर्जाची मुदत या आठवड्यात संपते, त्यांच्या फाईली आधी उघडू.