शाल-श्रीफळाच्या पुढे: मोहन हिराबाई हिरालाल यांची गोष्ट

चंद्रपूर असो की गडचिरोली, संस्थेतला मोठा माणूस निवृत्त झाला की कार्यक्रम ठरलेला. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि भाषणात एक वाक्य हमखास : "सरांनंतर ही पोकळी कधीच भरून निघणार नाही." आपण टाळ्या वाजवतो. पण थोडं थांबून विचार करा. तीस वर्षं काम करून मागे पोकळीच राहिली, तर ते कौतुक आहे की काळजीची गोष्ट?

म्हणून आज अशा माणसाबद्दल बोलू या, ज्यांच्याकडे निवृत्त व्हायला पदच नव्हतं. मोहन हिराबाई हिरालाल. आडनाव नाही. आई हिराबाई, वडील हिरालाल, दोघांचं नाव सोबत. तरुणपणी जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीत, छात्र युवा संघर्ष वाहिनीत होते. १९८४ मध्ये त्यांनी 'वृक्षमित्र' संस्था सुरू केली. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं, त्यातही ते होते.

पुढे त्यांचं नाव एका गावाशी जोडलं गेलं : धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). गोंड आदिवासींचं, जेमतेम पाचशे वस्तीचं गाव. तिथं त्यांनी काय केलं? पुढारी झाले नाहीत. गावाचे नेते देवाजी तोफा आणि गावकरीच राहिले. मोहनभाऊ सोबतीला.

पद्धत साधी होती. एक अभ्यासगट. तिथं बसायचं, प्रश्न विचारायचे, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं. पण निर्णय तिथं घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. वेळ लागतो, खरंय. पण ५१ विरुद्ध ४९ झालं की ४९ जण घरी रुसून बसतात. इथं सगळे सोबत असतात.

याचा उपयोग काय झाला? वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. पण कागदावर हक्क असूनही बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. गाव हटलं नाही. शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मोहनभाऊंच्या नाही, ग्रामसभेच्या. मुद्दा तोच आहे! पुढे २०१३ मध्ये गावानं ग्रामदानाचा निर्णय घेतला, म्हणजे शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे.

जानेवारी २०२५ मध्ये मोहनभाऊ गेले. माणूस गेल्याचं दुःख असतंच. पण निर्णय कसा घ्यायचा, हे विचारायला गावाला कोणाकडे जावं लागलं नाही. ते गावाला आधीपासूनच येत होतं.

आपल्या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं २०११ मध्ये. ते आणि त्याची कॉलेजं तरुण आहेत, अजून कित्येक जण तिथून निवृत्त होतील. त्यांचा सन्मान जरूर करा, मनापासून करा. त्यांनी फी भरलेली पोरं, रात्री उशिरापर्यंत पाहिलेल्या फायली, सगळं आठवा. पण भाषणात एक गोष्ट नक्की सांगा : त्यांच्याकडून काम कोण कोण शिकलं. ती नावं मोठ्यानं घ्या, त्यांना स्टेजवर बोलवा.

आणि तुम्ही स्वतः गणेश मंडळ, वाचनालय, क्रिकेट क्लब, काहीही चालवत असाल, तर वह्या, चाव्या आणि पासवर्ड आजच दुसऱ्या कोणाला तरी दाखवून ठेवा. निरोपाच्या दिवसाची वाट कशाला बघायची?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!